डबल सिलिंडर आणि हौशी शर्यत : महाराष्ट्रातल्या एका निवडीचा इतिहास

डबल सिलिंडर मोटारसायकलच्या इंजिनात एकाच क्रँकशाफ्टवर दोन पिस्टन चालतात. एकूण सीसी तेवढीच ठेवून एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर घेतले, की प्रत्येक पिस्टन हलका होतो, त्याची धाव कमी होते आणि इंजिन जास्त फेरे घेऊ शकते. जास्त फेरे म्हणजे जास्त ताकद. त्याची किंमत वजनात, रुंदीत आणि खर्चात मोजावी लागते. पिस्टन दोन, रिंगांचे संच दोन, बहुतेक वेळा कार्बोरेटरही दोन. कारखान्याच्या पगारी चमूला हा हिशेब सहज परवडतो. स्वतःच्या पैशाने बाइक घेणाऱ्या, स्वतःच ती खोलणाऱ्या आणि पडल्यावर स्वतःच भरपाई करणाऱ्या हौशी स्पर्धकाला तो प्रत्येक हंगामात नव्याने मांडावा लागतो. डांबरी मार्गावरच्या शर्यतीसाठी डबल सिलिंडर घ्यावी की नाही, हा प्रश्न म्हणूनच इंजिनाइतकाच पाकिटाचा, सुट्या भागांचा आणि नियमपुस्तिकेचा राहिला आहे.

हा वाद शर्यतींइतकाच जुना आहे. आयल ऑफ मॅन बेटावर मे १९०७ मध्ये पहिली टुरिस्ट ट्रॉफी शर्यत झाली, तेव्हा आयोजकांनी सिंगल आणि बहुसिलिंडर असे दोन वेगळे वर्ग केले. सिंगलने एका गॅलनमध्ये ९० मैल आणि बहुसिलिंडरने ७५ मैल जावे, अशी इंधनाची अटही घातली. डबल सिलिंडर जास्त पेट्रोल पिते हे तेव्हाच सर्वमान्य होते. सिंगलच्या वर्गात मॅचलेसवर चार्ली कॉलियर ताशी सरासरी सुमारे ६१ किलोमीटर वेगाने जिंकला. दुसऱ्या वर्गात प्यूजोचे व्ही-ट्विन (दोन सिलिंडर इंग्रजी V च्या आकारात मांडलेले) इंजिन बसवलेल्या नॉर्टनवर रेम फाउलर जिंकला, पण त्याची सरासरी सुमारे ५८ किलोमीटर भरली. त्या दिवसातला सर्वांत वेगवान फेरा मात्र फाउलरचाच होता, ताशी सुमारे ६९ किलोमीटरचा. वेगात कमावलेला वेळ पंक्चर आणि स्पार्क प्लगने खाल्ला. डबल सिलिंडरचा पुढचा बराचसा इतिहास या एका निकालात सापडतो : फेरा तिचा, शर्यत दुसऱ्याची.

पुढे १९३७ मध्ये एडवर्ड टर्नरने रचलेल्या ट्रायंफ स्पीड ट्विनने दोन उभे सिलिंडर शेजारी शेजारी ठेवून रुंदी जवळपास सिंगलइतकीच राखली आणि ब्रिटिश कारखान्यांनी तोच साचा उचलला. या इंजिनांत दोन्ही पिस्टन एकदमच वर आणि एकदमच खाली जात, त्यामुळे थरथर फार. हौशी स्पर्धकांचे चित्र खऱ्या अर्थाने बदलले ते जपानी टू-स्ट्रोकने. यामाहाने १९६० च्या दशकापासून विकत मिळणाऱ्या शर्यतीच्या डबल सिलिंडर बाइक बाजारात आणल्या आणि १९७३ पासून पाण्याने थंड होणारी टीझेड मालिका आली. कारखान्याशी काहीही नाते नसलेला माणूस पैसे मोजून दुकानातून जवळपास जिंकण्याजोगी बाइक घेऊ लागला. त्याच घराण्यातली रस्त्यावरची बाइक म्हणजे आरडी ३५०.

भारतात हा प्रवाह फार उशिरा पोहोचला, कारण हा देश आधीच सिंगलचा झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या ज्या मोटारसायकली लिलावात निघाल्या त्यांत नॉर्टन १६एच, बीएसए एम२०, मॅचलेस जी३एल अशा ३५० आणि ५०० सीसीच्या सिंगल बहुसंख्य होत्या. अमेरिकी सैन्याच्या व्ही-ट्विन हार्ले आल्या, पण दिल्लीच्या चांदनी चौकात त्यांतल्या अनेकींच्या नशिबी मागे सवारीचा डबा जोडून फटफटी-रिक्षा ओढणे आले. १९५५ पासून मद्रासला एन्फिल्ड बुलेट जुळू लागली. मुंबईत जावाची आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला आणि तिथून १९६० च्या दशकाच्या आरंभी २५० सीसीची जावा बाहेर पडली. १९६२ च्या सुमारास एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ आली. तिन्ही सिंगलच. आयातीवर बंधने होती, त्यामुळे कोणती बाइक घ्यावी याचे उत्तर सरकारच्या परवाना धोरणातच दिलेले असे.

शर्यतींच्या जागाही बऱ्याचशा युद्धानेच दिल्या. मद्रासजवळची शोलावरमची धावपट्टी आणि कलकत्त्याजवळचे बराकपूर इथे गाड्या आणि मोटारसायकली पळू लागल्या. मुंबईत १९१९ पासून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन होती, आणि १९२८ मध्ये सुरू झालेल्या जुहूच्या विमानतळावर स्वातंत्र्यानंतरच्या काळात शर्यती भरल्या. जे. आर. डी. टाटा १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन जिथे उतरले, तीच ही धावपट्टी. मद्रासमध्ये १९५३ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या मोटर स्पोर्ट्स क्लबने शोलावरमची परंपरा चालवली आणि १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै इथे ३.७ किलोमीटरचा कायमचा मार्ग बांधला. कोइम्बतूरला २००३ मध्ये करी मोटर स्पीडवे झाला. जुहूची गर्दी मात्र विमानांनी आणि वस्तीने संपवली, आणि तिची जागा घेणारा राष्ट्रीय दर्जाचा डांबरी मार्ग मुंबई-पुण्याच्या परिसरात कित्येक दशके उभा राहिला नाही. एका अर्थाने महाराष्ट्रातल्या हौशी स्पर्धकाच्या सगळ्या निवडी या उणिवेभोवती फिरत राहिल्या. पुणे, नाशिक, कोल्हापूर इथे रस जोपासला गेला तो मातीच्या मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसमध्ये, आणि उड्या मारायच्या मार्गावर डबल सिलिंडरचे वजन हे नुसते ओझे असते.

डबल सिलिंडर भारतात सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली ती १९८३ मध्ये, आणि एकदम दोन रूपांत. आयडियल जावाने चेक जावा ३५० वर बेतलेली येझदी ३५० ट्विन काढली. ती थोड्याच संख्येने निघाली आणि लवकर विस्मरणात गेली. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने राजदूत ३५० काढली. ती विस्मरणात जाण्याजोगी नव्हती.

राजदूत ३५० म्हणजे जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यालाच मागे पडलेली आरडी ३५०. ६४ मिलिमीटर बोअर आणि ५४ मिलिमीटर स्ट्रोक, ३४७ सीसी, हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन, रीड व्हॉल्व्ह आणि सहा गिअर. मूळ जपानी बाइक ३९ बीएचपी देत असे. भारतीय रस्ते, पेट्रोल आणि ग्राहक पाहून ती सौम्य केली गेली : पहिल्या ‘हाय टॉर्क’ आवृत्तीत ३०.५ बीएचपी, नंतरच्या ‘लो टॉर्क’ आवृत्तीत २७. पुढचा डिस्क ब्रेकही गेला आणि त्याच्या जागी ड्रम आला. बुलेट, जावा आणि राजदूत १७५ एवढेच माहीत असलेल्या देशात तीस बीएचपी म्हणजे अफाट होते, आणि ड्रम ब्रेक म्हणजे त्या अफाटपणाला दिलेले अपुरे उत्तर. या बाइकला अपघातांमुळे जे वाईट नाव मिळाले, त्यात चालवणाऱ्याच्या धिटाईइतकाच या ड्रमचा वाटा होता.

शर्यतीसाठी पाहिले तर तिच्यात जवळपास सगळे होते. मूळ जपानी भागांची माहिती असलेला मिस्त्री पोर्ट मोठे करून, एक्स्पान्शन चेंबर जोडून आणि जेट बदलून कारखान्याने काढून घेतलेली ताकद परत मिळवू शकत असे. बाहेरच्या देशांत आरडीवर हौशी शर्यतींची एक पिढी वाढली. १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये पाण्याने थंड होणाऱ्या आरडी ३५० एलसीवर एकसारख्या बाइकची मालिकाच चालली. भारतात राजदूत ३५० ला तसा काळ लाभला नाही. तिच्या मागोमाग, १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत, टीव्हीएस-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज अशा १०० सीसीच्या सिंगल आल्या. कारखान्यांना खप हवा होता १०० सीसीचा. त्यामुळे शर्यतींचे वर्ग, बक्षिसे आणि कारखान्यांचे पाठबळही त्याच आकाराकडे वळले. ९८ सीसी आणि ११ बीएचपीची आरएक्स १०० आरडीच्या एक तृतीयांश ताकदीची होती, पण तिच्यासोबत शर्यतीत उतरणारे शंभर जण होते. जिच्याशी लढायला कोणी नाही अशी वेगवान बाइक हौशी स्पर्धकाच्या काय कामाची? राजदूत ३५० चे उत्पादन दशक संपता संपता थांबले. आज ती संग्राहकांच्या हातात कित्येक लाखांना जाते, म्हणजे शर्यतीत पाडण्याच्या पलीकडे गेली आहे.

मोठ्या शहरांबाहेर ही बाइक टिकवणे किती कठीण होते, हे धरणगावसारख्या गावाच्या नजरेतून नीट दिसते. जळगाव जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव सुरत-भुसावळ या तापी खोऱ्यातल्या रेल्वेमार्गावर आहे. सतराव्या शतकात इंग्रजांची कापडाची वखार असलेली ही जुनी पेठ. खानदेशच्या कापूसपट्ट्यात जिनिंग कारखाने, विहिरीवरची ऑइल इंजिने आणि पंप यांमुळे लेथ, वेल्डिंग आणि हुशार फिटर यांची उणीव कधी नव्हती. बुलेट, येझदी किंवा दुधाचे कॅन वाहणारी राजदूत १७५ अशा हातांत वर्षानुवर्षे चालत राहू शकते, कारण सिंगलचे इंजिन शेतीच्या इंजिनाच्या ओळखीचे असते. आरडीचे तसे नव्हते.

अडचण क्रँकमध्ये होती. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हीच पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढून वर ढकलणारी पंपपेटी असते. सिलिंडर दोन असले की पंपपेट्याही दोन लागतात आणि त्यांच्यामध्ये मधोमध सील असावे लागते. हे सील झिजले तर एका बाजूची हवा दुसरीकडे जाते, एका सिलिंडरचे मिश्रण लीन (पेट्रोल कमी असलेले) होते, तो तापतो आणि पिस्टन जाम होतो. आरडीचा क्रँकशाफ्ट तुकड्यांतून दाबून जोडलेला असल्याने बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँककडचे टोक) बदलायचा तर मोठा प्रेस आणि मग शतांश मिलिमीटरपर्यंत सरळपणा पाहणारी डायल हवी. लेथवर हे काम निभत नाही. पुण्या-मुंबईच्या मोजक्या मिस्त्रींकडे ते होई, आणि क्रँक तिथे पाठवावा लागे. रीबोर करायचा तर दोन्ही ब्लॉक एकाच मापाला न्यावे लागत. एक पिस्टन मापात मिळाला आणि दुसरा नाही, तर बाइक दुकानाच्या कोपऱ्यात पडून राही. दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड केसभरही पुढेमागे उघडल्या, तर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा मागे राहतो.

त्यात खानदेशचा उन्हाळा. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ असते, तेव्हा तेवढ्याच जेटने मिश्रण रिच (पेट्रोल जास्त असलेले) होते आणि इंजिन गुदमरल्यासारखे चालते. मिस्त्री जेट लहान करून ते हलके करतो. तोच जेट पहाटेच्या गार, दाट हवेत ठेवून पूर्ण थ्रॉटल दिला, तर मिश्रण लीन होऊन पिस्टनला वितळायला एक लांब सरळ रस्ता पुरतो. सिंगलमध्येही हे घडते. डबलमध्ये बिघडण्याच्या जागा दोन, आणि कोणती बिघडली हे प्लगचा रंग पाहूनच कळते. शिवाय सरावाचा मार्ग हजाराहून कितीतरी जास्त किलोमीटर दूर, चेन्नईला किंवा कोइम्बतूरला. टाकी रिकामी करून, गोणपाट गुंडाळून बाइक रेल्वे पार्सलने पाठवायची आणि मागून आपण जायचे, हा मार्ग अनेकांनी पत्करला. एवढ्या लांब गेल्यावर पहिल्याच सरावात पिस्टन जाम झाला, तर अख्खा हंगाम गेला. या भागातल्या व्यवहारी माणसाने सिंगलला पसंती दिली असेल, तर ती भीतीपोटी नव्हती. त्याचा हिशेब बरोबर होता.

डबल सिलिंडरला दुसरी संधी आली ती एकविसाव्या शतकात, आणि या वेळी केंद्र महाराष्ट्रच होते. बजाजने २००९ मध्ये चाकणच्या कारखान्यात जुळवलेली कावासाकी निंजा २५०आर विकायला काढली. गरवारे मोटर्सने २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात कोरियन ह्योसंग जुळवायला घेतल्या. त्यांतली जीटी६५०आर ही ९० अंशांची व्ही-ट्विन होती. याच प्रकारच्या इंजिनाने, १९९९ च्या सुझुकी एसव्ही ६५० च्या रूपात, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या हौशी शर्यतींना स्वस्त आणि टिकाऊ बाइक दिली होती, आणि ब्रिटनमधला ‘मिनीट्विन’ वर्ग मुख्यतः तिच्यावरच उभा राहिला. ह्योसंगच्या वाट्याला तसा वर्ग भारतात आला नाही. पुढे तिचा व्यवसाय पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सकडे गेला. आयात भागांवर चालणाऱ्या ब्रँडचे मालक बदलले की सुट्या भागांची वाट पाहणे वाढते, हे डबल सिलिंडरच्या ग्राहकाला लवकरच शिकावे लागते.

खरी तुलना झाली ती चाकणच्याच दोन बाइकमध्ये. निंजा ३०० एप्रिल २०१३ मध्ये सुमारे साडेतीन लाखांना आली : २९६ सीसी, दोन सिलिंडर, ११,००० फेऱ्यांना ३९ पीएस, आणि गिअर झटक्यात उतरवताना मागचे चाक लॉक होऊ न देणारा स्लिपर क्लच. सुमारे दीड वर्षाने, सप्टेंबर २०१४ मध्ये, बजाजने बांधलेली केटीएम आरसी ३९० आली : ३७३ सीसी, एकच सिलिंडर, ९,५०० फेऱ्यांना ४३.५ पीएस, आणि किंमत २ लाख ५ हजार. पिस्टनच्या सरासरी वेगाचा हिशेब केला तर निंजाचा सेकंदाला सुमारे १८ मीटर येतो आणि आरसीचा १९. जास्त फेरे घेणाऱ्या डबल सिलिंडरचा पिस्टन मंद चालतो, कारण तिचा स्ट्रोक ४९ मिलिमीटरचा आणि आरसीचा ६० चा आहे. याचा अर्थ निंजाचे इंजिन थोड्या कमी तणावाने चालते. शिकाऊ माणसाला तिची ताकद सरळ रेषेत वाढत गेलेली मिळते, तर आरसी कोपऱ्यातून बाहेर पडताना झटका देते. तरीही राष्ट्रीय स्पर्धेच्या ३०१ ते ४०० सीसी वर्गात सर्वाधिक दिसली ती आरसी ३९० आणि तिच्यासोबत टीव्हीएसची सिंगल. २९६ सीसीची निंजा आकड्याने त्या सीमेच्या पाच सीसी खाली पडते. ३२१ सीसीची यामाहा आर३ बसते, पण तीही महाग. दीड लाख वाचवून चार पीएस जास्त मिळत असतील आणि पडल्यावर लागणारे भाग गावोगावच्या शोरूममध्ये मिळत असतील, तर पिस्टनचा सेकंदाला एक मीटर कमी वेग कोण मोजतो?

जगात निकाल उलट लागला, हे इथे सांगायला हवे. २०१७ पासून सुपरबाइक मालिकेसोबत ३०० सीसीच्या नावाने जो जागतिक वर्ग चालला, त्यात निंजा आणि आर३ या डबल सिलिंडर आघाडीवर राहिल्या. २०१८ मध्ये स्पेनच्या आना कार्रास्कोने निंजा ४०० वर तो किताब जिंकला. तिथे फेऱ्यांची मर्यादा आणि वजन बदलून आयोजक दोन्ही प्रकार समपातळीवर आणत, आणि इंजिन टिकणे हा खर्चाचा मोठा भाग होता. महाराष्ट्रातल्या खरेदीदाराला यातून शिकण्यासारखे एवढेच की बाइकच्या माहितीपत्रकाआधी स्पर्धेची नियमपुस्तिका वाचावी.

एन्फिल्डने नोव्हेंबर २०१८ मध्ये कॉन्टिनेंटल जीटी ६५० आणली. ६४८ सीसी, ४७ पीएस, किंमत २ लाख ६५ हजारांपासून. क्रँक २७० अंशांचा असल्याने तिचा ठोका व्ही-ट्विनच्या जवळ जातो, आणि समतोल शाफ्टमुळे जुन्या ब्रिटिश ट्विनची थरथर तिच्यात नाही. दोनशे किलोच्या आसपासची ही बाइक शर्यतीसाठी कोणी निवडली नसती. पण २०२१ मध्ये जेके टायरच्या राष्ट्रीय स्पर्धेत करी मार्गावर जीटी कप सुरू झाला आणि सर्वांना सारखीच, वजन उतरवलेली बाइक दिली गेली. मग वजनाचा आक्षेपच उरला नाही, कारण शेजारच्याचीही तेवढीच जड.

डिसेंबर २०२३ मध्ये आलेली एप्रिलिया आरएस ४५७ पियाज्जोच्या बारामतीच्या कारखान्यात बनते आणि तिथून युरोप-अमेरिकेला जाते. तिची ताकद ४७.६ पीएस, म्हणजे जीटीएवढीच. वजन मात्र इंधनासह १७५ किलो, आणि चौकट ॲल्युमिनियमची. आरंभी तिची किंमत ४ लाख १० हजार होती. हौशी शर्यतीसाठी महाराष्ट्रात बनलेली ही आजवरची सर्वांत योग्य डबल सिलिंडर म्हणता येईल. ४५७ सीसीमुळे ३०१ ते ४०० च्या वर्गात तिला जागा नाही. घराजवळ तिला पळवायची तर लोणावळ्याच्या पुढे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या ‘व्हॅली रन’सारख्या सरळ रेषेतल्या शर्यती आहेत. तिथे वळणच नसल्याने हलक्या चौकटीचा निम्मा उपयोग वाया जातो. जुहूनंतर महाराष्ट्रातली डांबरी शर्यत पुन्हा धावपट्टीवरच आली, ती या रूपात. खानदेशातल्या शिरपूरच्या धावपट्टीवर वैमानिक घडतात, मोटारसायकलस्वार नव्हे.

एकाच बनावटीच्या चषकांनी मात्र निवडीचे ओझे बरेच हलके केले आहे. बाइक, टायर आणि मिस्त्री आयोजकांचे असतात. स्पर्धकाकडे प्रशिक्षणाचा दाखला, भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचा परवाना, प्रवेश शुल्क आणि पाडलेल्या भागांचे पैसे हवेत. धरणगावहून किंवा धुळ्याहून कोइम्बतूरला निघणारा आता लेदरचा सूट, बूट आणि हेल्मेट एवढेच घेऊन रेल्वेत बसू शकतो. स्वतःची डबल सिलिंडर घ्यायची तर ती वापरलेली निंजा ३०० असणे सोयीचे, कारण २०१८ पासून तिचे अनेक भाग देशात बनू लागले आणि त्या वर्षी तिची किंमत तीन लाखांच्या खाली आली. घेताना बाजूचे इंजिन कव्हर घासले आहे का, दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन सारखे आहे का आणि पुढचा फोर्क पिळलेला नाही ना, एवढे पाहून मगच सौदा करावा.